वारंगा फाट्यावरचं परदेशी भूत

वारंगा फाट्यावर कुणी पुस्तक घ्यायला उतरत नाही. इथं माणूस उतरतो तो गाडी बदलायला. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर करत आलेला रस्ता आणि नागपूरहून यवतमाळ, उमरखेड, हदगाव करत आलेला रस्ता इथं एकमेकांना मिळतात आणि पुढं अर्धापूरवरून नांदेडला जातात. त्यामुळं फाट्यावर जे काही उभं राहिलं ते ताटकळलेल्या माणसासाठी उभं राहिलं. खिचडीची हॉटेलं, पानटपऱ्या, पंक्चरची दुकानं, केळीच्या गाड्या. आणि एके काळी एका टपरीच्या फळीला, दोरीवर धुणं घालावं तशी मधोमध दुमडून टांगलेली पुस्तकं. झुंजार, काळापहाड, दारा बुलंद, आणि त्यांच्या शेजारी नारायण धारप.

मी एसटीत कंडक्टर होतो. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळं चार बुकं वाचलेली असली की लोकांना ते शोभूनही दिसतं. पुढं जे लिहिलंय ते एका मास्तरनं मुक्कामी गाडीत वाचलेल्या भुतांबद्दल आहे. त्यातही एका भुताबद्दल जास्त, कारण त्याच्याबद्दल माझं मत अजून एका बाजूला झुकलेलं नाही.

आधी फाट्याचं सांगतो. फाटा म्हणजे गाव नव्हे. गाव आत असतं, त्याला पांढरी असते, मारुती असतो, वेस असते. फाट्याला यातलं काही नसतं, तो मोटारीनं जन्माला घातलेला. आमचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. निजामाच्या रेल्वेनंच १९३२ साली रस्त्यावर प्रवासी मोटारी सुरू केल्या. तिकडं मुंबई इलाख्यात एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली ती १ जून १९४८ ला, म्हणजे मोटारीच्या बाबतीत निजामाची रयत सोळा वर्षं पुढं होती. एवढ्या एकाच बाबतीत, असं जुनी माणसं म्हणत. पूर्णा-अकोला रेल्वे वसमत आणि हिंगोलीवरून गेली, तिनं वारंग्याला बगल दिली. म्हणून या पट्ट्यात पत्र, पेपर, औषध, नवरी आणि बातमी, सगळं मोटारीनंच आलं.

पुस्तकंही. निजामाच्या राज्यात शाळेची भाषा उर्दू, सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ खाली परवानगी. मराठी वाचनालय काढणं हे तेव्हा अर्धं राजकारणच होतं. परभणीचं गणेश वाचनालय विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं, आणि तिथं येणारा माणूस नुसता कादंबरी बदलायला येत नसे. या इतिहासानं आमच्याकडच्या वाचनाला एक गांभीर्य दिलं, आणि थोडी घमेंडही. पुढं १९६७ चा ग्रंथालय कायदा आला, अनुदान सुरू झालं, अ-ब-क-ड असे वर्ग पडले आणि तालुक्यातल्या खेड्यांतून ‘ड’ वर्गाची वाचनालयं उघडली. तिथल्या कपाटात चरित्रं, संतवाङ्मय आणि बक्षिसं मिळवलेल्या कादंबऱ्या. भुताची पुस्तकं असली तरी ती घरी गेलेली असायची, कपाटात कधी नसायची. ग्रंथपाल रजिस्टर दाखवायचे आणि मान हलवायचे.

फाट्यावरच्या टपरीला असलं काही नव्हतं. अनामत ठेवायची, पुस्तक न्यायचं, परतीच्या गाडीला द्यायचं, भाडं कापून उरलेले पैसे घ्यायचे. अडतीवरचे मुनीम, कंपाउंडर, आयटीआयची पोरं, ट्रकवाले आणि आम्ही एसटीवाले, एवढे गिऱ्हाईक. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गोव्याकडच्या गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा पल्ला गाठला. सुहास शिरवळकरांचा नंबर लागायचा तो कॉलेजच्या पोरांत. या सगळ्यांत खून होता, पिस्तूल होतं, काळी मोटार होती आणि शेवटी उलगडा होता. धारपांकडं उलगडा नव्हता. पुस्तक मिटलं तरी ती गोष्ट तिथंच असायची. म्हणून धारपांचं पुस्तक मुक्कामी गाडीत नेऊ नये असं जुने कंडक्टर सांगत, आणि स्वतः तेच नेत.

मुक्कामी गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावात थांबणारी आणि पहाटे पहिल्यांदा सुटणारी. गाव झोपतं, गाडी पारापाशी उभी असते, ड्रायव्हर-कंडक्टर आतल्या बाकावर अंथरूण टाकतात. वे-बिल भरून झालं, रोकड उशाला घेतली की करायला काही उरत नाही. अशा एका मुक्कामात ‘लुचाई’ हातात आली.

‘लुचाई’ ही धारपांची कादंबरी अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’ या कादंबरीवर बेतलेली आहे. ती सुचली तेव्हा किंग मेन राज्यातल्या एका शाळेत इंग्रजीचे मास्तर होते आणि वर्गात ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ शिकवत होते. हा जुना उमराव आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल, असा विषय घरी निघाला. बायको म्हणाली, न्यूयॉर्कला आला तर टॅक्सीखाली सापडून मरेल. मग किंगनी त्याला एका लहान गावात उतरवलं, जिथं सगळे एकमेकांना ओळखतात आणि बाहेर कुणाला त्या गावाचं काही पडलेलं नसतं. टेकडीवरचं पडकं घर, त्यात राहायला आलेला परका माणूस, एक पोरगं नाहीसं होणं, मग एकेक घर अंधारात जाणं. गोष्ट एवढीच. किंगच्याच ‘इट’वरून धारपांनी पुढं ‘शपथ’ लिहिली.

रूपांतर म्हटलं की आजकाल नाक मुरडतात. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, आणि ‘सेलम्स लॉट’ निघाली त्याच १९७५ साली पुलंची ‘ती फुलराणी’ रंगभूमीवर आली. ‘पिग्मॅलियन’चं बिऱ्हाड पुलंनी असं हलवलं की ती बाई आपल्याच चाळीतली वाटते. माझा प्रश्न एवढाच की भुताचं बिऱ्हाड तसं हलतं का.

याला एक गमतीचा आडवा धागा आहे. तो आमच्याच नदीकाठी सुरू होतो, म्हणून सांगायचा मोह आवरत नाही. प्रेतात शिरून बोलणाऱ्या वेताळाच्या पंचवीस गोष्टी सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या ‘कथासरित्सागरा’त आहेत. त्या गोष्टींतला राजा त्रिविक्रमसेन राहतो कुठं? गोदावरीच्या काठी, प्रतिष्ठान नगरात. म्हणजे पैठणला. या साऱ्या कथांचं मूळ म्हणून ज्याचं नाव घेतात तो गुणाढ्यही सातवाहन राजाच्या पदरचा. दंतकथा अशी की त्यानं आपला प्रचंड ग्रंथ पैशाची भाषेत, रानात, स्वतःच्या रक्तानं लिहिला. राजानं तो नाकारला तेव्हा एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तो जाळत बसला, आणि राजाला पश्चात्ताप होईपर्यंत सातातला एकच भाग उरला होता. मराठीत ‘वेताळपंचविशी’ छापून आली ती १८३० च्या सुमारास, सदाशिव काशिनाथ छत्र्यांची.

त्याच गोष्टी रिचर्ड बर्टन या इंग्रजानं १८७० साली इंग्रजीत नेल्या आणि नाव दिलं ‘विक्रम अँड द व्हँपायर’. हा बर्टन कंपनीच्या मुंबई फौजेत होता, गोव्यावरही त्याचं १८५१ चं पुस्तक आहे. ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा स्टोकर त्याला लंडनमध्ये भेटला होता. ‘ड्रॅक्युला’ १८९७ चा, आणि १९०६ साली आपल्या मालकाच्या, नट हेन्री आयर्व्हिंगच्या आठवणी लिहिताना स्टोकरनं बर्टनच्या सुळ्याचं वर्णन केलंय. बोलताना ओठ वर गेला की तो दात सबंध दिसायचा म्हणे. आता यावरून ड्रॅक्युलाचे सुळे पैठणहून गेले असं मी म्हणणार नाही. एवढंच की आमचा वेताळ परदेशी रक्तपिपासूचा अगदीच अनोळखी नव्हता. फरक मात्र मोठा. वेताळाला रक्त नको असतं, त्याला उत्तर हवं असतं. राजा बरोबर बोलला की तो परत झाडावर.

हा फरक मला ड्रायव्हरनं दाखवला. मी रात्री मोठ्यानं वाचत होतो, तो डोक्याखाली हात घेऊन ऐकत होता.

“मास्तर, ह्याला पाहिजे तरी काय?”

“रक्त.”

“ते तर डासालाबी पाहिजे. तसं नाही, ह्याचं मागणं काय?”

मागणं काय, हा आमच्या मुलखातल्या भुताचा पहिला प्रश्न. बाळंतपणात गेलेली हडळ होते, तिला लेकरू बघायचं असतं. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुंजा पिंपळावर बसतो, त्याचा संसार राहिलेला असतो. विहिरीवरच्या आसरांना हिरवी चोळी, खण-नारळ लागतो. खविसाला वेगळं, म्हसोबाला वेगळं. चकवा तेवढा काही मागत नाही, तो रात्रभर एकाच शेताला फेऱ्या घालायला लावतो आणि कोंबडा आरवला की सोडतो. बाकी प्रत्येकाशी देणंघेणं आहे, बोलाचाली आहे. देवऋषी हा खरं म्हणजे मध्यस्थ. त्या मध्यस्थीत गोरगरिबांना किती लुबाडलं, बायांना किती मारझोड झाली, हे वेगळं सांगायला नको. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्याचसाठी करावा लागला, आणि तोही डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर.

परदेशी भूत इकडं आणायची दुसरी अडचण मढ्याची. युरोपातला रक्तपिपासू थडग्यातून उठतो, त्याला दिवसा पडून राहायला शवपेटी लागते. आपल्याकडं माणूस जाळतात. तिसऱ्या दिवशी राख सावडली की उठायला उरतं काय? म्हणून आपलं भूत वाऱ्यासारखं, झाडावरचं, अंगात येणारं. यावर कुणी म्हणेल की मराठवाड्यात पुरणारेही पुष्कळ. लिंगायत समाधी देतात, बसवून. महानुभावांतही पुरण्याची रीत आहे, मुसलमानांची कबरस्तानं गावोगाव आहेत, तान्ही लेकरं तर सगळेच पुरतात. खरं आहे. पण इतक्या गावांत मुक्काम केले, कबरीतून मढं उठून दार ठोठावतं अशी गोष्ट कधी कुणी सांगितली नाही. पुरलेला माणूस आमच्याकडं शांत असतो.

तिसरी अडचण दाराची. या जातीच्या भुताला घरात बोलावल्याशिवाय येता येत नाही असा नियम आहे. किंगच्या पुस्तकात रात्री खिडकीशी आलेलं मेलेलं पोरगं आत घे म्हणतं, तो प्रसंग अंगावर येतो, कारण तिथं आत घेणं ही निवड आहे. आमच्याकडं ओसरीवर परका दिसला की पाण्याचा तांब्या आधी आणि नाव-गाव मागून. या, बसा, च्या घ्या. असला पाहुणा पाणी पिता-पिता सगळ्या आळीचा फडशा पाडेल. जो नियम अमेरिकेत भिंतीसारखा उभा राहतो तो इथं उंबऱ्याएवढाही टिकत नाही.

एवढं सगळं असून मी ते पुस्तक पहाटेपर्यंत वाचलं. का, ते सांगतो.

भूत मला पटलं नाही, गाव पटलं. एक घर बंद दिसतं, कुणाला काही वाटत नाही. पाहुण्याला गेले असतील. दुसरं बंद दिसतं. आजारी असतील. दुकान उशिरा उघडतं, मग उघडतच नाही. प्रत्येक गैरहजेरीला गाव एक साधं कारण शोधून देतं, आणि कारणं पुरेनाशी होतात तोवर गाव उरलेलं नसतं. हे मी तिकिटाच्या पेटीतून पाहिलंय. दसरा झाला की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, कडेवर लेकरू, उसाच्या पट्ट्यात जायला गाडीला गर्दी करतात. त्यानंतर त्याच गावची मुक्कामी गाडी रिकामी जाते. कुलपं, म्हाताऱ्या, कुत्री. १९७२ च्या दुष्काळात वडीलधाऱ्यांनी हे एकदा पाहिलं, नंतर ते दरसालचं झालं. उन्हाळ्यात माणसं परत येतात, पण सगळी नाही. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला राहून जातं. दहा वर्षांनी फेरी बंद होते, कारण भारमान नाही. भारमान हा आमच्या खात्याचा शब्द, त्यात किती माणसं होती हे कळत नाही.

हे धारपांच्या मनात होतं असं मी म्हणत नाही. ते १९२५ साली जन्मले, २००८ साली गेले, आणि त्यांचा वाचकवर्ग मुख्यतः पुण्या-मुंबईच्या खोल्यांतला. पण किंगनी मेनमधल्या मरत्या गावांचं जे पाहिलं ते धारपांच्या हातून मराठीत उतरताना वाया गेलं नाही. साधं, सपाट, कारकुनी वाटावं असं गद्य, विशेषणं कमी, दिवसाउजेडाची वर्णनं जास्त. भीती उजेडात पेरायची आणि रात्री उगवू द्यायची, हे त्यांना येत होतं. रत्नाकर मतकरी जास्त चलाख, शेवटाला कलाटणी देणारे. धारप सावकाश.

खटकतं तेही सांगायला हवं. ‘लुचाई’तल्या गावाला शिवार आहे पण शिवेबाहेरची वस्ती मला फारशी जाणवली नाही. आमच्या गावात पाणवठे वेगळे होते, मसणवाटेही वेगळे. रक्तपिपासू आला असता तर पहिला मेलेला माणूस कुणाच्या वस्तीतला, यावर गावानं दखल घ्यायची की नाही हे ठरलं असतं. वस्तीत चार माणसं गेली असती तरी वाड्यावर तापाची साथ म्हणून विषय संपला असता, आणि वाड्यावरचं एक गेलं की मामलेदार, डॉक्टर, जप-होम सगळं. ही भयकथा कुणी लिहिली नाही. अमेरिकन गावाच्या सांगाड्यावर ती चढतही नाही.

दुसरं, शेवट. भूत एवढं निगरगट्ट दाखवायचं आणि मग त्याला मारायची कृती सांगायची, या शिस्तीत किंगही फसतात. धारपांच्या ‘समर्थ’ कथांत तर साधनेचं बळ असलेला माणूस येऊन निस्तरतो हे ठरलेलंच. तिथं ते चालतं, ‘समर्थ’ वाचतो तो त्या दिलाशासाठीच. ‘लुचाई’सारख्या गोष्टीत दिलासा नकोसा वाटतो.

हिंदी सिनेमानं या भुताला काळा झगा घालून आणला. रामसे बंधूंचा १९९० चा ‘बंद दरवाजा’ नांदेडला पाहून आलेला ड्रायव्हर दोन दिवस हसत होता. भीती त्याला वेगळ्याच गोष्टीची होती. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या भागात जमिनीतून गुरगुरल्यासारखा आवाज गेली कित्येक वर्षं येतोय. २१ मार्च २०२४ च्या पहाटे ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि आखाडा बाळापूर, कळमनुरीपासून नांदेडपर्यंत माणसं लेकरं घेऊन घराबाहेर आली. जुलैत पुन्हा तेवढाच. त्या दिवसांत कुणी हडळीचं नाव काढलं नाही. किल्लारीचा भूकंप सगळ्यांना आठवत होता.

आणि मग ‘तुंबाड’. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या या सिनेमाचं एक बीज धारपांच्या गोष्टीत आहे, बर्व्यांनी मित्राच्या तोंडून ऐकलेल्या. त्यातला हस्तर रक्ताला हपापलेला नाही. त्याला पीठ हवंय, धान्य हवंय, जे त्याला कधी मिळालं नाही. ते पाहताना मला वाटलं, परदेशी भुताला मराठी करण्याची जी खटपट ‘लुचाई’त अर्धी राहिली ती इथं पुरी झाली. दुष्काळी मुलखाला रक्ताची तहान समजावून सांगावी लागते. पिठाची भूक समजावून सांगावी लागत नाही.

आता रस्ता चौपदरी झालाय, टपऱ्या मागं सरल्या, दोरीवरची पुस्तकं केव्हाच गेली. पोरं कानात बोंडं घालून मोबाईलवर भुताच्या गोष्टी ऐकतात, आणि त्यात धारपच ऐकतात असंही दिसतं. कुणी विचारलं तर मी आधी त्यांच्या लहान कथा वाचायला सांगतो, मग ‘शपथ’, आणि ‘लुचाई’ तिसऱ्या नंबरला. अर्ध्यापर्यंत तिला तोड नाही. पुढं वेग वाढतो आणि भीती पातळ होते.

ड्रायव्हरला मी शेवट वाचून दाखवलाच नाही, माझ्या मनानं सांगितला. भुतानं सगळं गाव संपवलं, दिवाळीनंतर कुणीच उरेना, उपाशी मरायची पाळी आली, तेव्हा तेही एका टोळीच्या मागं लागून कारखान्यावर गेलं, असा.

त्यानं जरा विचार केला. म्हणाला, “मग मेलंच ते. तिथं मुकादम हाय की, त्याच्यापुढं ह्याचं काय चालतंय.”